सिंधूबाईंच्या हातगाडीवर नवे अल्बम

बोलणं हेच माझं काम, पण जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज जरा माझं ऐका. मी एक स्पीकर. काळा, गोल, पाण्याच्या तांब्याएवढा. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ सिंधूबाईंची फुलांची हातगाडी आहे, तिच्या दांड्याला सुतळीनं बांधलेला असतो तो मीच. सिंधूबाई मला डबा म्हणतात.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते मेनरोडवरच्या एका दुकानात. सिंधूबाईंच्या मुलानं, योगेशनं, मला घरी आणलं. घर मखमलाबादला. मागं झेंडू, शेवंती आणि निशिगंधाचे वाफे. पहाटे फुलं खुडायची, सकाळी हातगाडीवर बसून हार ओवायचे, असा बाईंचा दिवस. योगेशला गाण्याचं वेड. नवे अल्बम शुक्रवारी येतात म्हणे, त्यामुळे शुक्रवारी तो फोन माझ्याशी जोडायचा आणि कॉलेजला जाण्याआधी आईला विचारायचा, कसं वाटतंय.

बाईंना गाण्यातलं फार कळतं असं नाही. त्यांचं माप एकच, हारावर हात कसा चालतो.

भजनं गिटारवर बसवलेला एक अल्बम आला. हात झकास चालला. पण मध्येच गाणारा गप्प झाला आणि नुसती गिटारच वाजत राहिली. बाईंना वाटलं मी बिघडलो. माझ्या डोक्यावर दोन चापट्या बसल्या. गझलांचा अल्बम आला तेव्हा हार लांब आणि सैल व्हायला लागले. बाई म्हणाल्या, "ह्यानं त्या बाईला एकतर जाऊ द्यावं, नाहीतर थांब म्हणावं. किती ताटकळत ठेवतो." मला विचाराल तर त्या गाणाऱ्याच्या आवाजाला दुधावरच्या सायीसारखी जाडी होती. पण मला कोण विचारतो.

नाशिकरोडच्या पोरांचा रॅपचा अल्बम लावला तर सुई थेट बोटात. तरी बाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. पोरं खरं बोलतायत, पण भांडताना समोरच्यालाही बोलू द्यायचं असतं, एवढीच त्यांची तक्रार. अहिराणी लग्नगीतांचा अल्बम वाजला की माझं पोट थरथरायचं आणि ताटातला झेंडू नाचायचा. शेजारी भाजी विकणाऱ्या नवसाबाई सटाण्याकडच्या. त्या मेथीची जुडी हलवत म्हणायच्या, "हाई गानं आमना कडलं शे." म्हणजे आमच्याकडचं, जणू त्यांनीच गायलंय. आणि एका तरुण गायिकेचा शास्त्रीय अल्बम होता. बराच वेळ बाई विचारत होत्या, हिनं अजून सुरू नाही का केलं? मग विचारायच्या थांबल्या. राग संपला तेव्हा लग्नाच्या मांडवाची अख्खी माळ तयार होती. तेव्हापासून मोठी ऑर्डर असली की तीच गायिका.

असं मजेत चाललं होतं. मग योगेशनं स्वतःचाच अल्बम काढला.

मित्राच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून सहा गाणी केली. पहिली पाच द्राक्षबागेची, कॉलेजची, एका मुलीची. चांगली होती. सहावं 'माय'. त्यातली माय फाटकं नेसायची, लेकराला घास देऊन स्वतः उपाशी झोपायची आणि चुलीआड रडायची. गाण्याच्या मुखपृष्ठावर बाईंचा फोटो, डोळ्याला पदर लावलेला. तो क्षण मी पाहिलाय. शेवंतीचे परागकण नाकात जाऊन बाईंना शिंक येत होती.

बाईंनी ऐकलं. "आवाज चांगला लागलाय," एवढंच म्हणाल्या. योगेश खूश.

पाच गाणी कुणी ऐकली नाहीत. 'माय' मात्र घरोघरी पोचलं. आणि हातगाडीवर विपरीत घडायला लागलं. गिऱ्हाइकं घासाघीस करेनात.

आता तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की. तुम्हाला सिंधूबाई माहीत नाहीत. गिऱ्हाइकानं अर्ध्या भावात मागावं, बाईंनी हार परत ताटात ठेवावा, गिऱ्हाइकानं चार पावलं जावं, बाईंनी हाक मारावी, यातच त्यांचा दिवस जायचा. आता बायका सांगितला तो भाव मुकाट्यानं द्यायच्या आणि वर त्यांचा हात दाबायच्या. एकीनं जुनी साडी आणून दिली. एक आजोबा बिस्किटाचा पुडा ठेवून गेले. दुपारपर्यंत फुलं संपायची आणि बाई मोकळ्या ताटाकडे बघत बसायच्या. त्यात नवसाबाईंचे टोमणे. "सिंधूताई, जेवल्या का? नाय, गाण्यात उपाशी हाय म्हणून विचारलं."

एका संध्याकाळी योगेश फोन नाचवत आला. कुठल्याशा स्टुडिओवाल्यानं त्याला बोलावलं होतं. अशीच आणखी गाणी हवी होती.

बाईंनी सुई ताटात ठेवली. "योग्या, मी चुलीआड कधी रडले रे?"

त्यानं फोन खिशात ठेवला.

"उपाशी म्हणशील तर एकादशीला. त्यातबी साबुदाणा खाते, तुझ्यापेक्षा जास्त."

"आई, लोकांना आवडलंय गं. एवढं एकच गाणं चाललंय माझं. काढून टाकू का?"

सहा गाण्यांतलं एवढंच चाललेलं, आणि पोराचं सगळं त्याच्यावर टांगलेलं. पण घासाघीस गेल्यापासून बाईंचंही तोंडच बंद झालं होतं ना.

"काढ कशाला म्हणू? कष्ट घेतलेत तू. पण ती बाई कोण हाय तेवढं सांग. मी तिला दोन भाकरी नेऊन देते. माझा फोटो तेवढा काढून टाक. आन माझं गाणं करायचं असंल तर इथं बस आणि बघ मी काय करते."

योगेशनं त्याच रात्री फोटो काढून टाकला. पुढचा अख्खा आठवडा तो हातगाडीमागं बसला. फुलं निवडली, आईच्या शिव्या खाल्ल्या आणि फोन चालू ठेवला. 'माय' न ऐकलेलं एखादं गिऱ्हाईक अजून घासाघीस करायचं, त्यातून नवं गाणं झालं. ढोलकीवर बाईंचं "परवडत नाय ताई, पुढं विचारून या" हे ध्रुवपद, आणि शेवटच्या कडव्यात भाव कमी. स्टुडिओवाल्यानं ऐकून पुन्हा फोन केला नाही. ऐकणारे थोडेच निघाले. योगेश दोन दिवस तोंड पाडून होता. मी त्याला सांगणार होतो की तुझ्या सातांत हेच सरस, पण आपण बोलायचं ते वाजवूनच. म्हणून दर वेळी जरा जोर लावून वाजवलं.

माझं आता वय झालंय. जाळी फाटलीय, आत झेंडूच्या पाकळ्या अडकल्यात, बॅटरी धड दोन तास टिकत नाही. काल सकाळी मी हेच गाणं वाजवत होतो. स्कूटीवरून एक मुलगी आली. भाव ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

"मावशी, गाण्यात तर तुम्ही शेवटी कमी करता."

सिंधूबाई ताठ बसल्या. पदर कमरेला खोचला. कित्येक दिवसांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"गाण्यातली बाई गाण्यात. इथं मी हाय. बोल, किती देतीस?"

मुलीनं अर्ध्या भावात मागितला. बाईंनी हार ताटात ठेवला. मुलीनं स्कूटी सुरू केली. नवसाबाई तराजू टाकून बघायला आल्या. योगेशनं निशिगंधाची काडी खाली ठेवली. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि नेमका माझा लाल दिवा लुकलुकला आणि मी बंद पडलो.

रात्री चार्जिंगला लावल्यावर जागा झालो तेव्हा सगळे झोपले होते. माझी तुम्हाला हात जोडून एकच विनंती. कधी मालेगाव स्टँडकडे गेलात तर सहज चौकशी करा, हार शेवटी गेला कितीला?