पटाची झेंडी

सूर्यभानजींना स्वतःच्या हातानं काम करायची सवय नव्हती आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नाही. मोर्शीजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत ओलिताला माणूस, राखणीला माणूस, चपला धुऱ्यावर राहिल्या तर त्या आणायलाही माणूस. एकदा बोललेला नवस फेडायला डोंगराच्या पायऱ्या चढायची वेळ आली, तेव्हाही त्यांनी माणूसच लावला होता. देवानं त्याबद्दल काही तक्रार केली नाही, असं ते स्वतःच सांगत.

एकच काम ते जातीनं करत. गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सुटतात त्या रेषेवर उभं राहून झेंडी वर धरायची आणि खाली पाडायची. झेंडी पडली की जोडी सुटली. हा मान वडिलांपासून घरात होता, आणि किसनरावांच्या घराला तो तेव्हापासूनच सलत होता.

यंदा तोडीच्या वेळी शेंड्याजवळचं एक फळ मजुराला दिसेना. सूर्यभानजींना खालून दिसत होतं. बोट दाखवून भागेना तेव्हा चिडून ते स्वतःच शिडीवर चढले, आणि जन्मात केलेल्या या दुसऱ्या कामानं त्यांना थेट अकोल्याच्या दवाखान्यात पोचवलं. उजव्या दंडाच्या हाडात धातूची पट्टी बसली. हाड जुळलं, पण खांदा जाम झाला. मग अमरावतीला प्रणाली नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे फेऱ्या सुरू झाल्या.

प्रणालीनं समजावून सांगितलं. दाराच्या चौकटीला चकरी लावायची, तिच्यावरून दोरी. डाव्या हातानं एक टोक खाली ओढायचं, म्हणजे दुसरं टोक धरलेला उजवा हात वर जातो. मग दिवसागणिक डाव्याची मदत कमी करायची आणि उजव्यानं आपल्या बळावर उठायचं. नेमानं केलं तर पटापर्यंत झेंडी उचलता येईल, असंही ती म्हणाली.

"करून घेतो," सूर्यभानजी म्हणाले. नव्या माणसाला या उत्तराचा अर्थ कळणं कठीणच होतं.

ओसरीत चकरी लागली. सूर्यभानजी खुर्चीत बसले, उजव्या हातात दोरीचं एक टोक धरलं आणि दुसरं टोक बुधाजीच्या हाती दिलं. बुधाजी त्यांच्याकडचा जुना माणूस. तो ओढायचा, मालकांचा हात वर जायचा. तो सोडायचा, हात खाली यायचा. मोकळ्या डाव्या हातात चहाची कपबशी असायची. त्यांच्या बायकोनं, जमुनाबाईंनी, एकदा विचारलंही, की डॉक्टरीणबाईनं असंच सांगितलं का. हात आपलाच वर जातो आहे ना, एवढं उत्तर त्यांना मिळालं.

पट तोंडावर आला तेव्हा प्रणालीनं खांदा तपासला. तिनं उचलला तर हात कानाला लागला. ती खूश झाली. मग तिनं हात सोडला, तर तो धपकन मांडीवर पडला. स्वतःच्या बळावर तो छातीच्या वर जाईना. तिला काही उमगेना, तेवढ्यात दाराशी उभ्या बुधाजीनं अभिमानानं सांगितलं, की त्यानं एक दिवस खाडा केला नाही. शिवाय क्रेट वाहून त्याचा स्वतःचा खांदा आखडला होता, तोही आता पार मोकळा झाला.

प्रणालीनं डोक्याला हात लावला.

"काकाजी, व्यायाम तुमच्या खांद्यानं करायचा होता."

"खांदा माहाच होता नं."

"मेहनत बुधाजीची होती."

"मंग? आमच्या घरी मेहनत त्याचीच असते."

पटाच्या सकाळी कमिटीची मंडळी रेषेवर जमली. किसनरावांनी फार गोड आवाजात एकदा झेंडी उचलून दाखवायची विनंती केली. सूर्यभानजींनी हात उचलला. तो छातीशी येऊन थांबला, तेव्हा ते कमरेतून डावीकडे कलले, आणखी कलले. झेंडी काही वर गेली नाही, सूर्यभानजीच आडवे होत चालले. किसनरावांचा हात झेंडीच्या दांड्यापर्यंत पोचला होता.

"थांबा," सूर्यभानजी म्हणाले. "मान आमच्या घरचा हाय. माणूस लावतो."

बुधाजीनं झेंडी वर केली ती एकदम सरळ, आणि पाडली ती खटकन. हाकणारे खूश झाले. सूर्यभानजी झेंडी वर धरून गर्दीतल्या ओळखीच्यांना रामराम करत बसायचे आणि तोवर बैल बिथरायचे, हे आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. आज सगळेच बोलत होते. भोंग्यावरून सकाळी 'सूर्यभानजींच्या वतीनं बुधाजी' असं पुकारत होते. उन्हं चढली तसं नुसतं 'बुधाजी' उरलं. संध्याकाळी किसनरावांनी हौसेनं त्याला फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानजी दोरीचं टोक धरून बसले, तर समोर कोणी नाही. तिवस्याच्या पटवाल्यांनी बुधाजीला झेंडीसाठी गाडी पाठवून नेलं, असं जमुनाबाईंनी आतून सांगितलं.

त्यांनी दुसरं टोक डाव्या हातात घेतलं आणि ओढलं. खांद्यातून कळ निघाली ती पार बोटांपर्यंत गेली.

"काहो," ते आत बघून म्हणाले, "हे तं दुखते."

तेवढ्यात किसनराव फाटकातून आत आले. त्यांनी बसता बसता निरोप दिला, की पुढच्या साली झेंडी बुधाजीलाच द्यावी असं कमिटीच्या मनात आहे. सूर्यभानजींची ना नसेल तर.

"पुढच्या साली म्या उचलीन," सूर्यभानजी म्हणाले, आणि किसनराव बघत आहेत म्हणून दोरी पुन्हा ओढली. हात खांद्याच्या वर गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"उचला नं, उचला," किसनराव खुर्चीत टेकून म्हणाले. "आमी बसलो हाओत."

चहा घेतल्याशिवाय किसनराव उठणार नव्हते, आणि ते उठल्याशिवाय दोरी सोडता येणार नव्हती. सूर्यभानजींनी आत चहा लवकर आणायला सांगितलं. जमुनाबाईंनी चहा ठेवला आणि गॅस अगदी बारीक केला.