याँदेच्या छपरावरचा गाळणकागद

मी एक गाळणकागद बोलतोय. तळहाताएवढा, गोल, पांढराशुभ्र असा होतो मी. आता अर्धाच उरलोय, आणि तोही काळपट.

डाकारच्या प्रयोगशाळेत संशोधिका अलीन सांबूने मला आम्लात धुऊन काढलं आणि ज्वाल या किनाऱ्यावरच्या गावी आणलं. तिथे खाडीकाठी याँदेच्या छपरावर, हवा ओढणाऱ्या यंत्रात मला बसवलं.

याँदे खारफुटीच्या मुळांवरची कालवं काढून विकायची. त्या कालवांत शिसं सापडलं आणि तिचं गिऱ्हाईक तुटलं. गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. तिचा मालक म्हणायचा, शिसं वाळवंटाच्या धुळीतून येतं, वाऱ्यापुढे माझं काय चालणार? पंचाईत अशी, की याँदेचा धाकटा भाऊ म्बान्यिक त्याच भट्टीवर कामाला होता.

अलीन जोला, याँदे सेरेर. या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. शिडी वाजली की याँदे खालून म्हणायची, "आलीस का गं भातखाऊ? आधी जेव, नाहीतर माझं छप्पर खाशील."

वाळवंटाचा वारा सुटला की माझ्यावर तांबूस धूळ बसे. भट्टीकडून वारा आला की काजळी. दोन्ही शेवटी खाडीत उतरायच्या.

एकदा जेवताना अलीनने समजावलं, की शिसं दिसायला सारखंच, पण त्यातल्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं. वाळवंटाच्या धुळीतलं ते प्रमाण तिच्याकडे होतं. ताडून पाहायला भट्टीतल्या शिशाचा एक तुकडा हवा होता. म्बान्यिक जेवणावरून उठला. हात धुऊन निघून गेला.

मला उतरवलं त्या दिवशी तो आला. फडक्यात गुंडाळलेला शिशाचा तुकडा त्याने अलीनपुढे ठेवला.

"काम जाईल रे तुझं," याँदे म्हणाली.

"जाईल. पण माझ्या मुली तुझीच कालवं खाऊन वाढतायत, अक्का."

प्रयोगशाळेत मला मधोमध कापलं. माझा अर्धा भाग आम्लात विरघळला. त्यातलं शिसं, खाडीच्या पाण्यातलं आणि कालवांतलं, तिन्ही जुळली ती म्बान्यिकच्या तुकड्याशी. धुळीशी नाही. अलीनने याँदेला फोन केला, तेव्हा पहिल्यांदाच दोघींनी थट्टा केली नाही.

भट्टी बंद झाली. पण गाळ निवळेपर्यंत कालवं काढायलाही बंदी आली. म्बान्यिक आता मासेमारीच्या होडीवर जातो. त्याला बोट लागते, म्हणून याँदे त्याला हसते. ती स्वतः सुके मासे विकते. भट्टीवरच्या कामावरून मात्र ती त्याला एका शब्दाने बोलली नाही, असं अलीन सांगत होती.

मी खणातल्या पिशवीत पडून आहे. कुणी शंका काढलीच, तर हाही अर्धा विरघळवतील. माझी ना नाही. मागणं एवढंच आहे, की खाडी स्वच्छ होईल त्या दिवशी याँदेला कळवायला विसरू नका.