शेजारचं ऊन

अवधपुरीतल्या एका बिल्डिंगमध्ये कमलिनीबाई आठवडाभर एकाच गोष्टीवरून भांडत होत्या आणि शनिवारी जिंकल्या. शेजारच्या गौरांगने नवा एसी लावला होता आणि त्याचं बाहेरचं धूड नेमकं यांच्या बाल्कनीकडे तोंड करून बसलं होतं. त्याची खोली गार, यांच्या बाल्कनीत भट्टी. कुंडीतला मोगरा तर उभ्या उभ्या भाजून निघाला. गौरांग पुण्याहून बदलीवर आलेला, पोरगा भला. वैतागून का होईना, धूड दुसऱ्या भिंतीवर हलवायला कबूल झाला. रविवारी मेकॅनिक येणार होता.

आणि रविवारीच आभाळ भरून आलं. भर मे महिन्यात.

लेकीचं, क्षितिजाचं, लग्न तोंडावर आलेलं. रुखवतासाठी कमलिनीबाईंनी सकाळीच गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर गुलाबी-हिरव्या कुरडया घातल्या होत्या. थेंब पडायला लागले तशा मायलेकी प्लास्टिकसकट त्या उचलून खाली धावल्या. कुरडई ओली राहिली की आंबते, आणि आंबूस कुरडई रुखवतात मांडायची म्हणजे सासरच्यांना जन्माचा विषय.

क्षितिजा कॉलेजात पर्यावरण शिकवते. कोळसा जाळून वीज, विजेवर एसी, त्याने आणखी गर्मी आणि मग ऊनपाऊस असे बेभरवशाचे, हे सगळं तिने प्लास्टिकचं टोक धरून जिन्यातच समजावलं. कमलिनीबाई म्हणाल्या, पृथ्वीचं मागाहून बघू, आधी या वाळव.

घरात शिरताच त्यांची नजर बाल्कनीबाहेरच्या त्या धुडाकडे गेली. ते इमानेइतबारे गरम वारा ओकत होतं. खाली फाटकाशी मेकॅनिकची मोटरसायकल थांबली.

अभिमान गिळायला कमलिनीबाईंना दोन घोट पाणी लागलं. मग त्यांनी शेजारची बेल वाजवली.

"गौरांग, आज नको हलवूस रे. चालूच राहू दे. जरा जोरात."

"काकू, कालच तुम्ही मला पृथ्वीचा वैरी म्हणालात."

"तो आहेसच. आजच्या दिवस क्षितिजाचा भाऊ हो."

मेकॅनिक चहा पिऊन परत गेला. बाल्कनीत खाटेवर कुरडया पसरल्या, आणि भिंतीपलीकडे गौरांग मे महिन्यात स्वेटर घालून बसला. दुपारी कुडकुडून कंटाळला आणि यांच्याकडेच, कूलरच्या बेताच्या गारव्यात येऊन टेकला. क्षितिजाने सहज विचारलं, धूड हलवणार होतास तरी कुठे? तर म्हणे, पलीकडच्या शेजारीण वसुधाताईंच्या खिडकीकडे.

कमलिनीबाईंनी आपल्या भाजलेल्या मोगऱ्याकडे पाहिलं. वसुधाताईंच्या खिडकीत तर कुंड्यांची रांग.

"नकोच हलवूस," त्या शेवटी म्हणाल्या. "एसी बंद ठेवता येईल तेवढा ठेव. सुट्टीच्या दुपारी इथे येऊन बसत जा. कूलरमध्ये पाणी मात्र तू भरायचंस."

लग्नात रुखवतावर कुरडया कडकडीत ताठ उभ्या होत्या. विहीणबाईंनी एक उचलून वाजवून पाहिली. त्यांच्या वाळवणाला यंदा बुरशी आली होती. तुम्हाला एवढं ऊन कुठे हो मिळालं, त्यांनी विचारलं.

कमलिनीबाईंनी पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्या गौरांगकडे पाहिलं.

"शेजारून उसनं आणलं," त्या म्हणाल्या.