उघडा तळवा

“घे!”

ताईची ती हाक. किती वर्षं लोटली, पण शर्यत ऐन भरात आली की टिटवीला अजूनही ती मागून ऐकू यायची. परवाच्या अंतिम शर्यतीतही आली. शंभर मीटरच्या शर्यतीत मागून कुणी कुणाला काही देत नाही. जिची तिने वाट कापायची असते. तरीही रेषेपाशी टिटवीचा डावा हात मागे गेला आणि तळवा उघडला. ती पहिली आली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो होता: छाती रेषेवर झुकलेली, डोळे मिटलेले, आणि मागे तो रिकामा, उघडा तळवा.

तो फोटो आता लाँड्रीच्या भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी चिकटवला होता. लावण्याआधी ताईने त्यावरून इस्त्री फिरवली असावी. घडीची रेघसुद्धा दिसत नव्हती.

“हलू नकोस टिटवे, गठ्ठा पडेल.”

टिटवी काउंटरवर चढून बसली होती, लहानपणी बसायची तशी. पाय काटकुळे म्हणून हे नाव ताईनेच ठेवलेलं. संध्याकाळी तिचा सत्कार होता आणि ताई तिच्याच कोटाला इस्त्री करत होती. वाफ उठायची, ताईचा चेहरा तिच्यात बुडायचा आणि ओला होऊन परत यायचा. आतल्या खोलीत टीव्हीवर तीच शर्यत पुन्हा लागली होती, आणि खाटेवरून बाबांची तीच आरोळी: “पळ गं पोरी!”

“निकाल पाठ झालाय, तरी घाम फुटतो बघ त्यांना,” ताई हसली.

शेजारचा न्हावी टॉवेलांचा गठ्ठा न्यायला आला. फोटोकडे बघत म्हणाला, “बाबांनी नशीब काढलं हो. एक लेक वारा, दुसरी वाफ!”

“वाफेने निदान तुमचे टॉवेल तरी निघतात. वाऱ्याला सांगून बघा.”

“तूही पळायचीस ना गं?”

“पळायचे की. सुटले बाई एकदाची! ते ऊन, ती धूळ, ते सरांचं ओरडणं. मी इथेच बरी.”

न्हावी हसत गेला. टिटवीने मान खाली घातली. ताईचं हे वाक्य तिने उशीसारखं वापरलं होतं. मांडीचा स्नायू फाटून वर्षभर लंगडली तेव्हा, संघातून नाव गळालं तेव्हा, वसतिगृहाच्या लोखंडी खाटेवर त्याच वाक्यावर डोकं टेकून ती झोपली होती. ताईला तसंही पळायचं नव्हतंच.

क्रीडा वसतिगृहासाठी निवड होती त्या सकाळी दोघींत स्पाइकच्या बुटांचा एकच जोड होता, ताईच्या मापाचा. बाबा नुकतेच मालगाडी भरताना पडून पाठ मोडून घेऊन आले होते. घरातून एकीलाच वसतिगृहात जाता येणार होतं. दुसरीने बाबांना आणि लाँड्रीला सांभाळायचं, हे कुणी न बोलताच ठरलेलं. रिलेच्या संघात दोघी होत्या. ताई बॅटन घेऊन येणार, टिटवी ते पुढे नेणार. शर्यतीआधी ताईने स्पाइक तिच्यापुढे ठेवले, चवड्यात चिंध्या कोंबल्या.

“तू घाल. मी कापडी बुटांत पळते.”

मग टिटवीने खूण लावायला घेतली. रिलेत पुढची मुलगी आपल्या जागेपासून मागे पावलं मोजत जाते आणि ट्रॅकवर चिकटपट्टी लावते. मागची त्या पट्टीवर पोचली, की हिने सुटायचं. मग वळून बघायचं नाही, फक्त हात मागे करायचा. टिटवीचे आकडे चुकायचे, म्हणून ताईने तिला गाणं रचून दिलं होतं. एका अक्षराला एक पाऊल, टाचेला चवडा लावून:

पायापुढे पाय गं, पायापुढे पाय,
ताई येते मागून, थांबायचं काय?

गाणं संपेल तिथे पट्टी. त्या दिवशीही तिने तसंच केलं. गाणं तेच होतं, पण पाय ताईच्या बुटांत होते, प्रत्येक पाऊल दोन बोटं लांब. पट्टी भलतीच मागे गेली आणि टिटवी फार लवकर सुटली. “घे!” ताई ओरडली. बोटांना बोटं लागली. बॅटन मधल्यामध्ये पडलं.

“मागची दमली,” सर म्हणाले. बॅटन पाडणारीला ते पुन्हा उभं करत नसत. ताईने नुसती मान डोलावली. वसतिगृहात टिटवी गेली.

घरी बूट काढताना चिंध्या बाहेर आल्या, तेव्हा टिटवीला सगळं कळलं. ओठांवर आलेलं तिने गिळलं. मग दर पदकागणिक गिळत राहिली.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

“एक सांग. फोटोत हात का उघडलायस?”

“सवय.”

“एकटीच्या शर्यतीत?”

टिटवी काउंटरवरून उतरली. गळ्यातल्या पदकाची फीत तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“ताई, त्या दिवशी ती पट्टी...”

“मीच उचलली ती. सगळे गेल्यावर.” ताई कोटावरचा नसलेला दोरा शोधत होती. “उचलायच्या आधी गाणं म्हणत मोजून बघितलं. बरोब्बर पट्टीवर संपलं. तेव्हाच समजलं, ही तर माझी पावलं.”

“मग सरांपाशी बोलली का नाहीस?”

“बूट मीच दिले होते ना. आणि जायचं तर एकीलाच होतं.”

“मीही बोलले नाही.”

“हो,” ताई म्हणाली. “वाट बघितली थोडे दिवस.”

आत टीव्हीवर पुन्हा बंदुकीचा बार झाला. “पळ गं पोरी!” बाबा ओरडले. दोघींनीही तिकडे वळून पाहिलं नाही.

ताईने कोट झटकला आणि टिटवीच्या मागे जाऊन उभी राहिली.

“घे.”

टिटवीने बाहीसाठी डावा हात मागे केला. तळवा आपसूक उघडला. बाही आली नाही. कोट मागे तसाच धरलेला होता, त्याची ऊब पाठीला लागत होती.

“मला आवडायचं गं पळायला,” मागून ताई म्हणाली.