दिवसाच्या शाळेतली फुली

आमच्या गावच्या हायस्कुलाचं कौतुक मला तरी सांगू नका. ती शाळा उभी राहताना मी डोळ्यांनी बघितली आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. आमचे हे, म्हणजे गावाचे हिंमतरावभाऊ, शाळेचे चेअरमन. तापीकाठच्या आमच्या कापसाच्या गोदामात बाकं मांडली, बडोद्याहून इंग्रजी-गणिताचे मास्तर आणले आणि शहाद्याच्या स्टँडावर पाटी लावली: आठवी ते अकरावी, थेट कॉलेजची तयारी. वसतिगृह नव्हतं. आसपासची पोरं सकाळी बैलगाडीनं यायची, संध्याकाळी आपापल्या घरी. म्हणून सगळे तिला दिवसाची शाळाच म्हणायचे.

आदिवासी पाड्यावरची कालीबाई दरवर्षी सातपुड्यातून कापूस वेचायला आमच्याकडे उतरायची. तिची फुली आश्रमशाळेतून सातवी पास झालेली. पोरगी अशी चुणचुणीत, की वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. मोठी बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं, डॉक्टरीण व्हायचं. आणि कॉलेज गाठायचं तर आमच्या शाळेशिवाय जवळ दुसरी शाळा नव्हती.

एक दिवस हेच म्हणाले, "तिला आपल्या शाळेत घालू. आपल्याच घरी राहील." मला पोटची मुलगी नाही. किती आनंद झाला म्हणून सांगू!

कालीबाई मात्र घुटमळली. "अनुसयाबाई, तुन्हा भरवसावर ठेवस. भाऊना नई."

"वेडी का खुळी तू!" मी म्हटलं. "ते काय परके आहेत?"

फुली राहिली. पण तिचं ताट बाहेर ओट्यावरच. यावरून मी यांच्याशी भांड भांड भांडले. "धीर धर थोडा," एवढंच म्हणायचे.

मग मान्यतेसाठी इन्स्पेक्टर साहेब आले. त्या दिवशी यांनी स्वतःच्या हातानं फुलीचा पाट आपल्या शेजारी मांडला, तिच्या पानात स्वतः खीर वाढली. "साहेब, ही आमच्या घरचीच मुलगी!" दुपारी वर्गात फुलीनं इंग्रजी धडा घडाघडा वाचला. डोंगरातली पोर इंग्रजी वाचते म्हणून साहेब खूश, शाळेला मान्यता मिळाली. आमच्यात घरधन्यानं पंगतीत पाट मांडला की ते माणूस घरचं झालं. मग त्याला पुन्हा ओट्यावर बसवायची कुणाची छाती नाही. मी मेली चुलीपाशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. इतका अभिमान वाटला मला यांचा!

पुढं भावजयीच्या बाळंतपणासाठी मी माहेरी, ब्राह्मणपुरीला गेले. परत आले तर फुली गोठ्यात शेण भरत होती.

"अगं, काय करी ऱ्हायनी तू? शाळा?"

"भाऊंनी बंद केली." तिनं मान वर केली नाही.

मी तशीच आत गेले. हे सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "लोक कुरकुर करतात. त्यांच्या मुली तिच्या बाकावर बसत नाहीत. आणि आपली शाळा दिवसाची. ज्याचं घर इथं, त्यानं यावं."

"मग तिचं घर कुठंय? तुम्हीच तिला पंगतीत बसवलं ना?"

"ते साहेबासाठी व्हतं. ती काय आपली घरनी शे?"

अंगाची आग आग झाली माझ्या. दगा दिला या माणसानं, तोही माझ्या तोंडून शब्द द्यायला लावून! पोरीला दाखवायला आणली, काम झाल्यावर गोठ्यात घातली.

सकाळी फुलीचा हात धरला, तडक शाळेत गेले आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. हेडमास्तर खडू हातात धरून नुसते बघत राहिले. कुणीतरी जाऊन यांना सांगितलं असावं, हे धावतच आले.

"घर चाल," सगळ्या वर्गासमोर म्हणाले.

"ही इथं शिकणार असेल तर येते."

यांचा आवाज चढला नाही. "मंग तू बी आठेच ऱ्हाय, शाळामा. घर येऊ नको."

माहेरी भावाच्या संसारात किती दिवस काढणार? हातात कसब नाही, अक्षरओळख नाही. फुली माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती हो ती, मी काहीतरी बोलेन म्हणून!

मग तिनं पुस्तक मिटून बाकावर ठेवलं आणि उठली.

"काकी, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला तिथंच राहायचंय."

ती डोंगराच्या वाटेला लागली. यांनी मास्तरांना धडा पुढं सुरू करायला सांगितलं आणि मी यांच्या मागोमाग घरी गेले.