उत्तरेश्वरची धोपटी

कचेरीच्या कोठीवरची लाखेची मोहर पेशकार त्रिंबकरावांनी अंगठ्याच्या नखानं उकरली, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. दिवस दोन कासरे वर आला होता. घरी त्यांचे वडील जाऊन तीन तास झाले होते, तिरडी बांधून तयार होती, आणि हे गृहस्थ उघड्या अंगानं, अनवाणी, आपणच लावलेली मोहर आपणच खरवडत होते. गेले वीस दिवस लोक याच दारापुढे हात जोडून उभे राहत होते. तेव्हा म्हणे ही मोहर वरून हुकूम आल्याखेरीज फुटत नव्हती. आज नखानं फुटली.

आत जप्त केलेला माल पडला होता. कुणाचा तराजू, एका भजीवालीची कढई, चांभाराची ऐरण, आणि त्या सगळ्याखाली दबलेली उत्तरेश्वर न्हाव्याची धोपटी. वस्तरे, कात्री, वाटी, सहाण, सगळं त्या चामडी पिशवीत. त्रिंबकरावांनी ती ओढून काढली आणि मला म्हणाले की पंच म्हणून तू बघून ठेव, मी ही तात्पुरती काढतो आहे. बाप मेलेल्या माणसाला काय बोलणार? मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मी म्हाळू शिंपी. हे सगळं सांगितल्यावाचून माझा जीव थंड होत नाही म्हणून सांगतो आहे.

नांदूरघाटच्या रस्त्यावरचं आमचं गाव. राज्य निजामाचं, आणि मोठी लढाई नुकतीच संपलेली. सरकारच्या मनात काय आलं कोण जाणे, आमच्या गावाला शहर ठरवलं. शहर म्हणजे बाजारात दोन कंदील आणि कचेरीत एक पेशकार. परवान्याचा कायदा आधीही कुठंतरी कागदावर होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. त्या साली सक्तीचा हुकूम निघाला. धंदा करायचा तर परवाना पाहिजे. परवाना पाहिजे तर दुकान पाहिजे. दुकान म्हणजे ओटा, छप्पर आणि कुलूप लागेल असं दार. माझ्याकडे तिन्ही होती. मला परवाना मिळाला, आणि मी मूर्खासारखा तो काचेच्या चौकटीत घालून भिंतीला टांगला.

उत्तरेश्वर बसायचा माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली. त्याचा बाप तिथंच बसायचा. सकाळी तो घरोघर जायचा, दुपारी लिंबाखाली. त्यानं तीनदा अर्ज केला, उर्दू लिहिणाऱ्याच्या मिनतवाऱ्या करून. दुकान कुठे, या रकान्यात तिन्ही वेळा लिहिलं, लिंबाखाली. तिन्ही अर्ज परत आले. झाड म्हणजे दुकान नव्हे, असा त्यावर शेरा. अहो, झाड म्हणजे दुकान नव्हे हे काय आम्हाला कळत नव्हतं? पण त्या झाडाखाली दोन पिढ्यांनी अख्ख्या गावाच्या दाढ्या केल्या होत्या, हे शेरा मारणाऱ्यालाही माहीत होतं. त्याचं स्वतःचं जावळ तिथल्याच वस्तऱ्यानं काढलेलं.

मग एका बाजाराच्या दिवशी त्रिंबकराव शिपाई घेऊन आले आणि भर गर्दीत धोपटी उचलली. पंचनाम्याला माणूस हवा होता. समोरचं दुकान माझं. मी अंगठा दिला. बोललो असतो तर काय झालं असतं, हा विचार आता करतो. तेव्हा फक्त चौकटीतला परवाना डोळ्यांपुढे होता.

गावात दुसरा न्हावी नव्हता असं नाही. बंकट होता, त्यानं बाजारात खोली घेऊन आरसा लावला होता, परवानाही होता. पण न्हाव्यांची घरं वाटलेली असतात. उत्तरेश्वरच्या वाट्याच्या घरात बंकट मंगलाला जाणार नाही आणि मर्तिकाला तर नाहीच नाही. सरकारचा कागद एकीकडे आणि हे एकीकडे. आश्रुबा गाडीवानाची आई वारली, तेव्हा दहाव्याला त्याचं डोकं करायला उत्तरेश्वर हवा होता. आश्रुबा कचेरीच्या पायरीवर डोकं ठेवून आला, की एका दिवसापुरती धोपटी द्या. त्रिंबकराव म्हणाले, कायद्याला दहावं-बारावं नसतं. शेवटी आश्रुबाच्या चुलत्यानं माझी कापडाची कात्री मागून नेली आणि नदीवर त्याचे केस कापले. कानाला लागलं, रक्त आलं. आश्रुबा तसाच पिंडाला बसला.

आणि आता पेशकारांचा बाप गेला होता. अग्नी देण्याआधी मुलाचं डोकं व्हायला हवं. त्यांचा माणूस आधी बंकटकडेच गेला होता. बंकटनं सांगितलं, ते घर उत्तरेश्वरचं, मी हात लावणार नाही. म्हणून ही मोहर फुटली.

उत्तरेश्वरला निरोप गेला. मनातून मला वाटत होतं, त्यानं येऊ नये. बसू दे ह्यांना नदीवर. पण तो आम्ही पोचायच्या आधीच घाटावर हजर. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की तुला काही वाटत नाही का. तो म्हणाला, "म्हाताऱ्याची दाढी म्या तीस वर्सं केली. त्याला उनात ठिवू का आता?"

धोपटी हातात आल्यावर त्यानं वस्तरा उघडून पाहिला. वीस दिवसांत पात्याला गंज धरला होता. तो सहाणेवर घासत बसला, धार लागेपर्यंत. मग त्रिंबकराव त्याच्यापुढे मांडी घालून बसले.

डोक्याची एक बाजू झाली होती. त्रिंबकराव मान खाली घालूनच म्हणाले, "झालं की धोपटी कोठीत परत जमा करायची. यादीवर चढलेली चीज आहे."

उत्तरेश्वरचा हात थांबला. तिरडीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

"मालक, कावून जमा करायची? आज तुमाला लागली. उद्या दुसऱ्या कुनाला लागंल."

"माझ्या हातात काय आहे त्यात? कायदा आहे."

अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर केस. खोटं कशाला सांगू, मी मनात हात जोडले की उत्तरेश्वरा, ऊठ. वस्तरा मीट आणि चालता हो. ह्याला अशाच डोक्यानं बापाला आग लावू दे, म्हणजे आश्रुबाचं काय झालं ते कळेल. उत्तरेश्वरनं एकदा तिरडीकडे पाहिलं. मग वाटीत बोटं बुडवली, उरलेले केस भिजवले आणि काम पुढे चालू केलं. कानामागं, मानेवर, मिशा, सगळं नीट केलं. कुठं साधा ओरखडा नाही.

त्रिंबकराव नदीत बुडी मारून आले. आता सोवळ्यामुळे त्यांना धोपटीला शिवता येईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "म्हाळू, तू पंच आहेस. तू नेऊन दे."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मला तेवढाही सापडला नाही.

उत्तरेश्वरनं वस्तरा धुतला, धोतराच्या सोग्यानं कोरडा केला, धोपटीत ठेवला आणि दोरी बांधली. मग माझ्यापुढे धरली. मी हात पुढे करीना, तेव्हा हळूच म्हणाला, "घे, म्हाळू. तुझं दुकान हाय, लेकरंबाळं हायत."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणत होता.

धोपटी काखेत मारून मी घाट चढलो. वर आल्यावर मागे वळून पाहिलं. सरणाची लाकडं अजून गाडीतच होती, आणि उत्तरेश्वर ती दोन-दोन करून खाली देत होता. मी कचेरीच्या रस्त्याला लागलो.