राउटरवरचं गंध

प्राचीची ऑनलाइन मुलाखत दहा मिनिटांवर आली होती आणि नव्या लॅपटॉपला वायफायचा पासवर्ड हवा होता. तो राउटरच्या स्टिकरवर छापलेला होता, पण खंडेनवमीच्या पूजेत सासऱ्यांनी नेमकं त्यावरच गंध फासलं होतं.

"बाबा, पासवर्ड तुमच्या टॅबलेटमध्ये सेव्ह आहे. अंगठा लावा, लवकर!"

"अगं, चंदन उगाळतोय."

ओला अंगठा टॅबलेटने तीनदा नाकारला. प्राचीने तो ओढणीने खसाखसा पुसला. चौथ्यांदा सेटिंग उघडलं, पासवर्ड दिसला, लॅपटॉप जोडला गेला. एकच मिनिट उरलं होतं. तेवढ्यात मागून चंदनाची वाटी पुढे आली.

"नवीन मशीन आहे, शुभ कामाआधी जरासं..."

"बाबा, माझ्या कपाळाला लावा! कीबोर्डला हात नाही लावायचा!"